आज पाणी हलत नाही

गार्नेट ट्रेझाइझच्या स्वयंपाकघरात भिंतीवरचा जुना फोन अजून चालू होता, आणि तो कशाला ठेवलायस असं कुणी विचारलं की गार्नेट चिडायचा. त्याच्या खिशात मोबाईल होता, तो बरा चालत होता. पण भिंतीवरच्या फोनचा नंबर त्याने कधीकाळी एका प्रोग्रॅमच्या पोटात लिहून ठेवला होता. 'काही बिघडलं तर फोन करा', आणि खाली हा नंबर. शेवटचा फोन कधी आला होता ते त्यालाही आठवत नव्हतं. तरी एकदा लोकांना दिलेला नंबर बंद करायचा म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या वॉलरू गावात अशा हट्टी म्हाताऱ्यांची कमी नाही, पण फोनसाठी हट्ट धरणारा हा एकटाच.

प्रोग्रॅमचं नाव 'जेटी'. गार्नेट तेव्हा बंदरावर धान्याच्या बोटींचा कारकून होता. कुठली बोट कधी लागणार, तिच्याखाली पाणी किती असणार, हे दिवसभर बघायचं काम. शेजारीपाजारी दुसरी गाडी घेत होते त्या वर्षी त्याने कॉम्प्युटर घेतला, पुस्तक पुढ्यात धरून स्वतःच प्रोग्रॅम लिहायला शिकला आणि जेटी तयार केली. पडद्याच्या कोपऱ्यात एक निळी पट्टी. पाणी चढतंय का उतरतंय, किती आहे, पूर्ण कधी भरेल. बस्स, एवढंच. फुकट वाटली त्याने ती, आणि काही वर्षांत पोर्ट पिरीपासून पोर्ट लिंकनपर्यंत ज्याच्या दारात होडी त्याच्या कॉम्प्युटरवर जेटी, असं झालं.

ते दिवस वैभवाचे होते. साउथ ऑस्ट्रेलियाचं घड्याळ शेजारच्या राज्यापेक्षा अर्धा तास मागे चालतं. तास नव्हे, अर्धा तास. दूरदेशी बसलेल्या प्रोग्रॅमर मंडळींना हे काही केल्या पटत नाही. कॉम्प्युटरची नवी आवृत्ती आली की कुणीतरी शहाणा तो अर्धा तास कुठेतरी गिळून टाकायचा आणि जेटीची भरती चुकायची. मग पहाटे होडी घेऊन गेलेले लोक होडीच्या ट्रेलरची चाकं चिखलात रुतवून उभे राहायचे आणि घरी येऊन भिंतीवरच्या फोनवर गार्नेटचा उद्धार करायचे. गार्नेट संध्याकाळपर्यंत दुरुस्ती करून द्यायचा. त्या शिव्या खाण्यातही मजा होती, कारण आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय हे त्याला रोज कळत होतं.

मग हातोहाती मोबाईल आले. मोबाईलमध्ये भरती होती, वारा होता, मासे कुठे लागतील याचा अंदाजसुद्धा होता. जेटी सकाळी सुरू झाली की गार्नेटच्या कॉम्प्युटरला हळूच विचारून घ्यायची, नवीन काही आलंय का. त्यावरून त्याला रोजचा आकडा कळे. शेकड्यांत असलेला आकडा डझनावर आला, डझनावरून हाताच्या बोटांवर. वर्ना, म्हणजे गार्नेटची बायको, चार वर्षांपूर्वी गेली तेव्हा तीन-चार लोक उरले असतील. मूलबाळ नव्हतंच. आता रोज सकाळी तिथे फक्त 'एक' असायचं.

तो एक कोण, हे गार्नेटला माहीत नव्हतं. स्पेन्सरच्या आखाताच्या पलीकडून कुठूनतरी यायचा, एवढं कळायचं. पण तो आल्याशिवाय गार्नेट टोस्टला हात लावायचा नाही. चहा ओतायचा, पडद्याकडे बघत बसायचा. 'एक' उमटला की म्हणायचा, "आलास? बरं." आणि मग टोस्टवर लोणी लावायचा. वर्ना गेल्यापासून त्या घरात सकाळी उच्चारलेले शब्द बहुधा एवढेच असत.

मार्च महिन्यात बातमी आली की कॉम्प्युटरच्या नव्या आवृत्तीत जुन्या पद्धतीचे प्रोग्रॅम मुळीच चालणार नाहीत. दुरुस्तीची सोयच नाही. नव्याने लिहा, नाहीतर गाशा गुंडाळा. गावच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर क्लबची बैठक दर महिन्याला भरायची. पूर्वी खुर्च्या कमी पडत, आता केक जास्त होत असे. गार्नेटने तिथे क्लेम हॉस्किंगला ही बातमी सांगितली. क्लेम शेजारच्या मूंटा गावचा, शाळेतला निवृत्त मास्तर, एकटाच राहणारा. त्याची नि गार्नेटची वीस-एक वर्षांची ओळख, आणि बोलणं सगळं कॉम्प्युटरबद्दल.

"मग सोड की," क्लेम म्हणाला. "एका माणसासाठी पुन्हा सगळं लिहिणार?"

"एक म्हणजे कमी आहे का?"

"अरे, शून्याच्या शेजारचा आकडा आहे तो. आणि तो एकसुद्धा खरा कशावरून? कुठल्यातरी अडगळीत चालू राहिलेला डबा असेल. मालक कधीच गेला असेल वर."

"डबा रविवारी उशिरा उठत नाही," गार्नेट म्हणाला. "हा रविवारी उशिरा उठतो."

क्लेमने केकचा तुकडा उचलला. "तू त्याच्या उठण्याबसण्याचा हिशेब ठेवतोस? लेका, बाहेर पड जरा. माणसांत मिसळ."

"आता मिसळतोयच की," असं म्हणत गार्नेटने हॉलभर नजर फिरवली. पाच माणसं होती आणि त्यातली दोन झोपली होती.

त्याने लिहायला घेतलंच. क्लेमला जे सांगता येत नव्हतं ते मनात स्वच्छ होतं. हा एक गेला की त्याने आणि वर्नाने मिळून केलेलं काहीही या जगात कुठेही चालू राहणार नव्हतं. सगळा हिवाळा, म्हणजे तिकडचे जून ते ऑगस्ट, त्यात गेला. नवी भाषा शिकताना म्हाताऱ्याच्या नाकी नऊ आले. आणि जुनं लिखाण उघडून बघावं तर स्वतःचंच डोकं ओळखू येईना. एके ठिकाणी त्याने लिहून ठेवलं होतं, 'हे का चालतं कळत नाही, हात लावू नकोस.' त्याने हात लावला आणि ते बंद पडलं.

असं करत करत तो डॉजपाशी येऊन थांबला.

भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, पाणी कमी चढतं नि कमी उतरतं, हे कुठल्याही किनाऱ्यावरच्या माणसाला ठाऊक असतं. स्पेन्सरच्या आखातात मात्र भांग अगदी टोकाला जातो. चंद्र नि सूर्य एकमेकांचं ओढणं अडवून धरतात आणि समुद्र दिवसभर जागचा हलत नाही. त्याला तिथले लोक डॉज म्हणतात, आणि दर पंधरवड्याला कमीअधिक जोराने तो येतोच. जेटी हिशेबात पाण्याच्या चढउताराने भागाकार करायची. डॉजला चढउतार शून्य, आणि शून्याने भागायला सांगितलं की कॉम्प्युटर जागच्या जागी आडवा. पहिल्या वर्षी या एका गोष्टीने गार्नेटला रडकुंडीला आणलं होतं.

तेव्हा वर्ना पलीकडे पास्टीचं, म्हणजे तिकडच्या खिमा-बटाट्याच्या करंजीचं, पीठ लाटत होती. गार्नेट टेबलावर मूठ आपटत होता.

"त्या बिचाऱ्याला कशाला छळतोस?" ती म्हणाली. "पाणी हलत नाही त्या दिवशी हिशेबच करू नकोस. सरळ सांग, आज पाणी हलत नाही."

"आणि लोकांनी काय करायचं मग?"

"घरी बसायचं, किटली ठेवायची, कुणाला तरी फोन करायचा. मी काय करते डॉजला?"

ते खरंच होतं. डॉजला कोणी समुद्रावर जात नाही, माणसं घरात सापडतात, म्हणून वर्ना त्या दिवशी भिंतीवरचा फोन कानाला लावून ओळीने सगळ्यांची खबरबात घ्यायची. गार्नेटने तिचं म्हणणं जसंच्या तसं घातलं. ही काही नीट दुरुस्ती नव्हती. भोकाला लावलेलं ठिगळ होतं ते, आणि ते त्यालाही माहीत होतं. पण दर डॉजला पट्टीच्या जागी अक्षरं उमटू लागली: 'आज पाणी हलत नाही. गळ ठेवून दे. किटली ठेव. कुणाला तरी फोन कर. – व.'

त्या हिवाळ्यात नव्या जेटीची परीक्षा घ्यायला त्याने तारीख पुढे सरकवून डॉजचा दिवस लावला, आणि वर्ना त्याच्यासमोर आली. खरं तर ती दर पंधरवड्याला त्याच्या पडद्यावर आली असती. ती गेल्यापासून तेवढा एक दिवस तो कॉम्प्युटर लावायचा नाही, इतकंच. आता मात्र ओळ समोर उघडी पडली होती. किटली ठेव. कुणाला तरी फोन कर. गार्नेटला ते सोसेना. तो उठून अंगणात गेला, तारेवर वाळत घातलेला एकुलता एक टॉवेल काढला, पुन्हा घातला, परत आत आला.

मग त्याने तेच केलं जे त्याच्या जातीची माणसं दुःख झालं की करतात. तो नीटनेटकेपणाच्या मागे लागला. हिशेब नव्याने असा बसवला की कुठे भागाकारच उरला नाही. आता डॉजला निळी पट्टी सुरेख सपाट दिसायची. ठिगळाची गरज संपली, म्हणून ठिगळ पुसून टाकलं. क्लेमला त्याने सांगितलं, "जुना एक कचरा होता, साफ केला." क्लेम म्हणाला, "शाब्बास." दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

सप्टेंबरात नवी जेटी तयार झाली. जुनी जेटी त्या एकाला रोज सकाळी सांगत होती, नवीन आली आहे, घ्या. आणि तो एक रोज सकाळी 'नंतर' म्हणत होता. गार्नेट पडद्यापुढे तळमळायचा. "घे रे बाबा. अरे, पुढच्या आठवड्यात तुझा कॉम्प्युटर बदलणार आहे. दाब ते बटण!" समोरच्याला ऐकू जाण्याची सोय नव्हती. पत्ता नाही, नाव नाही. तो नुसता रोज उठून 'नंतर' म्हणणारा एक होता.

कॉम्प्युटरची नवी आवृत्ती आपोआप सगळीकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गार्नेटने चहा ओतला. आकडा शून्य होता. दुपारीही शून्यच. त्याच्या पुढच्या दिवशी तो टोस्ट करायलाच विसरला. रविवारी त्याने स्वतःची समजूत घातली की रविवारी तो उशिरा उठतो. पण रविवारही गेला. गार्नेट जेटीवर, म्हणजे खऱ्या लाकडी जेटीवर जाऊन बसला. तिथे लोक खेकड्यांची जाळी सोडत होते, हातातले मोबाईल बघत होते. कुणी त्याला विचारलं नाही की काय झालं, आणि विचारलं असतं तर काय सांगणार? जो माणूस कधी भेटला नाही तो येईनासा झालाय, असं?

आठवडा उलटला आणि एका सकाळी पडद्यावर एक उमटला. नव्या जेटीचा एक. गार्नेटचा जीव भांड्यात पडला. "आलास?" एवढं म्हणाला आणि मग त्या रिकाम्या स्वयंपाकघरात बसून मोठ्याने रडला. नंतर त्याने दोन टोस्ट खाल्ले.

भिंतीवरचा फोन वाजला तो त्यानंतर महिन्याभराने. गार्नेट दचकला. तो आवाज त्याच्या विस्मरणात गेला होता. उचलला, तर पलीकडे एक म्हातारी बाई. बोलणं असं, की जणू भांडण आधीच अर्ध्यावर आलंय.

"जेटीवाले का हो तुम्ही?"

"हो."

"मी आखातापलीकडून, काउएलहून एल्मा यॅन्श बोलतेय. तुमचं ते नवीन चांगलं नाही."

"काय बिघडलं?" गार्नेटच्या तोंडून आपोआप निघालं. किती वर्षांनी म्हणत होता तो हे. "भरती चुकतेय? अर्धा तास मागेपुढे दाखवतंय का?"

"भरतीशी मला काय करायचंय? समुद्र मला खिडकीतून दिसतो. माझ्या नवऱ्याची, केव्हची, होडी विकून जमाना झाला. ती बाई कुठे गेली?"

"कोण बाई?"

"कोण काय? डॉजला बोलते ती. व. दोन डॉज झाले, काही म्हणाली नाही. पट्टी आपली निपचित पडलेली. मला वाटलं आजारी आहे."

गार्नेट भिंतीला टेकला.

"ती माझी बायको," तो म्हणाला. "वर्ना. ती गेली."

"कधी?"

"चार वर्षं झाली."

चार वर्षांत त्याला हे वाक्य कुणाला सांगावं लागलं नव्हतं. गावाला माहीतच होतं. बँकेला कागदाने कळलं होतं. तोंडाने म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती.

एल्मा 'चार' असं पुटपुटली. मग म्हणाली, "म्हणजे चार वर्षं मी गेलेल्या बाईचं ऐकत होते."

"तसंच म्हणायचं."

"बरं झालं ऐकलं. तुला सांगते," ती आता सरळ एकेरीवर आली, "माझी एक बहीण आहे, ग्रेटा. माउंट गॅम्बियरला असते. आईच्या कपाटावरून आमचं वाजलं. कपाट म्हणजे काय, वाळवीचं घर! पण तोंड बघत नव्हतो एकमेकींचं. केव्ह गेला त्यानंतरच्या डॉजला मी त्याचा कॉम्प्युटर लावला, म्हटलं बघू तरी हा सकाळी उठून काय बघायचा. तर ही म्हणते, कुणाला तरी फोन कर. मी म्हटलं, तू कोण गं मला शिकवणारी? आणि संध्याकाळी केला फोन ग्रेटाला. तेव्हापासून दर डॉजला करते."

"आणि आता?"

"आता कुणी सांगितलंच नाही ना. तिला वाटलं मी रुसले, मला वाटलं तिने करावा. नव्वदीला टेकलेल्या बाया आम्ही, तुला काय वाटलं, अक्कल येते?" एल्मा खोकली. "तर ती परत घाल. काढलीस कशाला मुळात?"

"आता तिची गरज नव्हती," गार्नेट म्हणाला. "हिशेब नीट केला मी. मग ते फालतू उरलं होतं."

"फालतू!" एल्मा म्हणाली. "ते नवीन चढवायला मी त्या लायब्ररीतल्या पोरीला घरी बोलावून चहा पाजला. फालतू गोष्टीसाठी चहा पाजते होय मी?"

गार्नेटला हसू आलं आणि त्याचबरोबर लाजही वाटली. त्याने खरं ते सांगितलं. "मला बघवत नव्हतं ते."

"ते समजतं मला. केव्हचे बूट मी अजून दारात ठेवलेत, रोज त्यांना अडखळते. पण तुझ्याने बघवत नाही म्हणून माझी बंद करशील?"

तिने आपला नंबर दिला. नको असला तरी घे, म्हणाली, आणि निरोप न घेताच फोन ठेवला.

त्याच दुपारी गार्नेटने वर्नाची ओळ परत घातली. त्याच्या धंद्यातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने त्याला वेड्यात काढलं असतं. जिथे भागाकारच नाही तिथे भागाकार चुकू नये म्हणून लावलेलं ठिगळ. प्रोग्रॅममध्ये ओळीशेजारी, पुढे कुणी हे उघडलं तर कळावं म्हणून टीप लिहितात. त्याने लिहिलं, 'हे काढू नकोस. काउएलला लागतं.' आणि नवी आवृत्ती त्या एकासाठी पाठवून दिली. या वेळी एकाने 'नंतर' म्हटलं नाही.

पुढचा डॉज मंगळवारी आला. वारा नव्हता. जेटीच्या खांबांवर ओलाव्याची रेघ जिथे होती तिथेच दिवसभर राहिली. आणि गार्नेटने, चार वर्षांत पहिल्यांदा, डॉजच्या दिवशी आपला कॉम्प्युटर लावला. पट्टी उमटली, मग पट्टी गेली आणि वर्ना आली. आज पाणी हलत नाही. गळ ठेवून दे. किटली ठेव. कुणाला तरी फोन कर.

त्याने किटली ठेवली. मग भिंतीवरचा फोन उचलून एल्माचा नंबर फिरवला. एंगेज. थोडा चहा पिऊन पुन्हा फिरवला. एंगेज. अर्थातच. ती माउंट गॅम्बियरशी बोलत होती, कपाटाचा उद्धार चालला असेल. म्हणजे ओळ चालत होती. तो खूश झाला, आणि फोन ठेवल्यावर घर इतकं गप्प झालं की खूश होऊन कुणाला सांगायचं हा प्रश्न पडला. एल्माला ग्रेटा होती. त्याने डोक्यातले नंबर आठवून पाहिले. वर्नाचा पाठ होता. बाकी सगळे वर्नालाच पाठ असायचे.

फोनशेजारी तिने चिकटवलेला एक कागद होता, उन्हाने पिवळा पडलेला. त्यातला एक नंबर त्याने लावला.

"काय बंद पडलं?" क्लेमने उचलल्या उचलल्या विचारलं.

"काही नाही."

"मग? अपडेट आलंय का कसलं?"

"नाही." वीस वर्षांत गार्नेटने क्लेमला काही बिघडल्याशिवाय फोन केला नव्हता. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि तिथे होतं ते वाचलं. "आज पाणी हलत नाही."

पलीकडे चालू असलेला रेडिओ बंद झाला.

"वर्ना करायची मला डॉजला फोन," क्लेम म्हणाला. "न चुकता करायची. ती गेल्यावरही डॉजला मी घराबाहेर पडत नाही. म्हटलं, एखाद्या वेळी तू करशील."

गार्नेटने खुर्ची ओढली आणि फोनजवळ बसला.